जाळी कुठवर?

क्रिकेटच्या मैदानावर फलंदाज मध्यभागी उभा असतो आणि त्याच्यापासून पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत चोहोबाजूंनी साठ-सत्तर यार्डांचे मोकळे अंतर असते. त्यामुळे षटकाराचा चेंडू गर्दीत येऊन पडेपर्यंत त्याचा पुष्कळसा जोर ओसरलेला असतो, आणि तो उंचावरून येताना दिसत असल्याने सावध व्हायला थोडाफार अवधीही मिळतो. बेसबॉलच्या मैदानाची रचना मुळातच निराळी आहे. तेथे फलंदाज मैदानाच्या एका कोपऱ्यात उभा राहतो. त्या जागेला होम प्लेट म्हणतात, तेथून काटकोनात दोन रेषा निघतात, आणि त्या दोन रेषांच्या दरम्यान पडलेल्या फटक्यावरच फलंदाजाला धावता येते. रेषांच्या बाहेर गेलेला चेंडू तो 'फाऊल'. रेषांच्या बाहेर, खेळाडूंना बसण्यासाठी जमिनीत थोडी खोल बांधलेली जी पडवी असते, जिला डगआउट म्हणतात, तिच्या पाठीमागे आणि पुढे दोन्ही बाजूंना प्रेक्षकांच्या अगदी जवळच्या आणि भारी किमतीच्या रांगा असतात. फाऊल ही त्या खेळात क्वचित घडणारी गोष्ट नसून प्रत्येक सामन्यात पुनःपुन्हा घडणारी गोष्ट आहे. फलंदाजाचा अंदाज क्षणाच्या एखाद्या अंशाने चुकला की चेंडू सरळ, छातीच्या उंचीने, त्या रांगांत शिरतो.

बेसबॉलच्या चेंडूचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित कमी. तो फलंदाजाच्या दांड्यावरून ताशी १०५ मैलांच्या वेगाने सुटला तर एका सेकंदात सुमारे ४७ मीटर कापतो. होम प्लेटपासून ३० मीटरांवर बसलेल्या माणसाला, तो डोळ्यांत तेल घालून खेळ पाहत असला तरी, पुरता पाऊण सेकंदही मिळत नाही. आणि त्यातला पहिला पाव सेकंद तर काय घडले आहे हे मेंदूला उमगण्यातच जातो. मांडीवर मूल असेल, हातात खाण्याची पुडी असेल, विक्रेत्याला पैसे देण्यासाठी मान वळली असेल, तर तेवढाही अवधी उरत नाही. या प्रेक्षकांना संरक्षण द्यावयाचे ते कोणी, आणि त्यांच्यापुढे बांधावयाची जाळी कोठपर्यंत न्यावयाची, या प्रश्नावर अमेरिकेत गेली काही वर्षे सामान्य माणसांनी जी चळवळ चालविली, तिची हकीकत आपल्याकडेही माहीत असावी असे मला वाटते.

जाळीची कल्पना नवी नाही. १८७९ मध्ये प्रॉव्हिडन्स येथील ग्रेज या व्यावसायिक संघाने होम प्लेटच्या पाठीमागे बसणाऱ्यांसाठी प्रथम जाळी उभारली. तोवर त्या जागेवर माणसे इतकी जखमी होत, की लोकांनी तिला कत्तलखान्याचे नाव दिले होते. पुढे सर्वत्र तशा जाळ्या आल्या; पण त्या होम प्लेटच्या मागच्या तुकड्यापुरत्याच राहिल्या, आणि दोन्ही बाजूंच्या लांबच लांब रांगा उघड्याच राहिल्या. जे लोक तेथे जखमी झाले त्यांनी न्यायालयात दावे लावले. १९१३ मध्ये मिसूरी राज्याच्या न्यायालयापुढे कॅन्सस सिटीच्या संघाविरुद्ध असाच एक दावा आला. फिर्यादीला जाळीमागे बसण्याची मुभा असताना तो स्वखुशीने उघड्या जागेवर बसला, आणि चेंडू प्रेक्षकांत येतो हे सर्वांना ठाऊक असल्याने त्याने तो धोका आपणहून पत्करला आहे, असा निवाडा देऊन न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. त्याच सुमारास इतर राज्यांतही असेच निकाल झाले, आणि त्यांतून जो दंडक रूढ झाला तो आजही 'बेसबॉलचा नियम' या नावानेच ओळखला जातो. मागणाऱ्यांना पुरतील इतक्या जागा जाळीमागे ठेवल्या, म्हणजे मालकाचे कर्तव्य संपले. त्यापलीकडे जो बसेल त्याचे नशीब त्याच्यापाशी.

पुढील शंभर वर्षांत या नियमाने किती दारे बंद केली हे पाहिले, म्हणजे चळवळ न्यायालयाच्या बाहेर का उभी राहिली याचा उलगडा होतो. तिकिटाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत एक मजकूर छापलेला असतो. खेळाच्या आधी, खेळ चालू असताना किंवा नंतर चेंडू अथवा दांडा लागून काही इजा झाल्यास तिची जबाबदारी तिकीटधारकाने पत्करली आहे, असा त्याचा आशय. तिकीट खिशात घालण्यापूर्वी तो मजकूर वाचणारा माणूस विरळा. तरीही तो प्रत्येक जखमी माणसाच्या विरुद्ध कैफियतीत मांडला जातो. १९९४ मध्ये डेट्रॉइटच्या टायगर स्टेडियममध्ये मोडलेल्या दांड्याचा तुकडा जाळीच्या कडेवरून वळून एका लहान मुलीच्या हातावर आदळला आणि तिची बोटे चिरडली. ज्यूरीने तिला भरपाई मंजूर केली. परंतु २००१ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने याच नियमाच्या आधारे तो निवाडा फिरविला. काही राज्यांच्या विधिमंडळांनी तर नियमाला कायद्याचेच स्वरूप देऊन टाकले. इलिनॉय व कोलोरॅडो ही राज्ये त्यात आघाडीवर होती. न्यू जर्सीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, खाद्यपेयांच्या गाड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला चेंडू लागल्यास मालकाला हात झटकता येणार नाहीत, इतपत उदार भूमिका घेतली. तेव्हा पुढच्याच वर्षी विधिमंडळाने मालकांना अभय देणारा कायदा संमत केला, आणि त्या कायद्याचे नाव 'बेसबॉल प्रेक्षक सुरक्षा अधिनियम' असे ठेवले. एडिसन आणि जर्सी सिटीच्या परिसरात जी हजारो मराठी कुटुंबे राहतात, त्यांच्यापैकी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना सामना दाखविण्यास नेणाऱ्या कितीजणांना ही गोष्ट ठाऊक असेल, कोण जाणे.

१९१३ सालचा प्रेक्षक आणि आजचा प्रेक्षक यांच्यात जो फरक पडला आहे, तो या नियमाने कधी हिशेबात घेतला नाही. नव्या स्टेडियमच्या बांधणीत प्रेक्षकांना खेळाच्या अधिकाधिक निकट आणण्याकडे कल राहिला, कारण निकटतेला किंमत येते. नेथॅनियल ग्रो आणि झकरी फ्लेगल या अभ्यासकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात दाखविले आहे, की हा नियम रूढ झाला त्या काळाच्या मानाने प्रेक्षक आता मैदानापासून २० टक्क्यांहून अधिक जवळ बसतात. गोलंदाजांचा वेग वाढला, फलंदाजांची शरीरसंपदा वाढली. शिवाय मैदानावरील भव्य पडदे, त्यांवरची चित्रे, गाणी, स्पर्धा हे सारे प्रेक्षकाचे लक्ष खेळावरून काढून घेण्यासाठी मालकच मांडत असतात, आणि लक्ष ठेवले नाही म्हणून दोष मात्र प्रेक्षकाच्या पदरी येतो. मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो. एका हाताने लक्ष विचलित करावयाचे आणि दुसऱ्या हाताने दुर्लक्षाचा ठपका ठेवावयाचा, हे कोणत्याही व्यवसायाला शोभणारे नाही.

याच्या दुसऱ्या बाजूला एक जुनी परंपरा आहे, आणि तिचाही मान राखला पाहिजे. गर्दीत आलेला चेंडू ज्याला सापडेल त्याचा, असा तेथे रिवाज आहे. पूर्वी तो परत करावा लागे. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर चेंडू परत न दिल्याबद्दल बाहेर काढलेल्या एका प्रेक्षकाने जायंट्स संघावर दावा लावून तो जिंकला, आणि तेव्हापासून चेंडूवरील प्रेक्षकाचा हक्क हळूहळू सर्वमान्य झाला. बापाने झेललेला चेंडू मुलाने जन्मभर कपाटात जपून ठेवावा, ही त्या देशातल्या लाखो घरांतली गोष्ट आहे. म्हणूनच जाळी वाढविण्याची सूचना निघाली की खुद्द प्रेक्षकांतूनच विरोध होई. जाळीमुळे दृश्य अंधुक होते, खेळाडूची स्वाक्षरी घेता येत नाही, तो आणि आपण यांच्यात भिंत उभी राहते, अशी त्यांची तक्रार असे. ही तक्रार करणारे दुष्ट नव्हते. त्यांचे खेळावर प्रेम होते. पण त्याच मैदानातल्या सर्वांत महागड्या जागा होम प्लेटच्या मागे, म्हणजे जाळीमागेच असतात, आणि तेथे बसणाऱ्याने दिसत नाही म्हणून पैसे परत मागितल्याचे कोणी ऐकलेले नाही. शिवाय आता जाळी विणतात ती गाठी नसलेल्या, एखाद-दीड मिलिमीटर जाडीच्या, अत्यंत चिवट कृत्रिम धाग्याची. नजर खेळावर खिळली की दोन-चार मिनिटांत ती जाळी डोळ्यांना जाणवेनाशी होते, आणि उंच गेलेला चेंडू तिच्यावरून जाऊन अजूनही कोणाच्या तरी ओंजळीत पडतो.

धोक्याची जाणीव सर्वांत आधी झाली ती खेळाडूंना, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपण मारलेला चेंडू कोठे आणि कोणाला लागला हे त्यांना समोर दिसत असते. त्यांच्या संघटनेने २००७ आणि २०१२ च्या करारांच्या वाटाघाटींत जाळ्या वाढविण्याची तजवीज करावी अशी मागणी केली होती. मालकांनी ती दोन्ही वेळा नाकारली. त्याच २००७ साली जुलै महिन्यात माइक कूलबॉ हा टल्सा संघाचा प्रशिक्षक पहिल्या बेसजवळ, म्हणजे फटका मारल्यावर फलंदाज धावत जातो त्या पहिल्या टप्प्यापाशी, उभा असताना फाऊल चेंडू मानेवर लागून मरण पावला, आणि पुढच्या हंगामापासून बेसजवळ उभ्या राहणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला शिरस्त्राण सक्तीचे झाले. ज्याचे सारे आयुष्य चेंडूवर नजर ठेवण्यात गेले त्या माणसाला जर तो चुकविता आला नाही, तर त्याच्या पाठीमागे काही हातांवर बसलेल्या आजीबाईंनी तो कसा चुकवावा, असा प्रश्न तेव्हाच विचारला जावयास हवा होता. बर्फावरील हॉकीच्या संघटनेने मात्र तो स्वतःला विचारला. २००२ च्या मार्चमध्ये कोलंबस येथे चकती लागून १३ वर्षांची एक मुलगी दगावली, तेव्हा त्यांनी पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन्ही गोलांच्या मागे जाळ्या बसविण्याचा हुकूम काढला.

बेसबॉलमध्ये हे काम जखमी झालेल्यांना आणि त्यांच्या आप्तांना अंगावर घ्यावे लागले. चळवळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चे आणि घोषणा येतात. येथे तसे फारसे काही नव्हते. एखादा माणूस चेहऱ्याची हाडे सांधून घेऊन रुग्णालयातून बाहेर येई, दावा लावी, तो नियमाच्या खडकावर आपटून फुटे, आणि मग तो नगरसेवकांना पत्रे लिही, सुनावणीला जाऊन साक्ष देई, वार्ताहरांना भेटे, आपल्यासारखे आणखी कोण आहेत त्यांचा शोध घेई. २०१५ च्या जूनमध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये तुटलेला दांडा लागून एक स्त्री गंभीर जखमी झाली. पुढच्याच महिन्यात ओकलंड संघाच्या एका नियमित तिकीटधारक बाईंनी कॅलिफोर्नियातील संघराज्यीय न्यायालयात दावा दाखल केला. त्यांनी पैसे मागितले नव्हते. दोन्ही रेषांच्या दूरच्या टोकांशी जे फाऊल खांब असतात, त्यांतील एकापासून दुसऱ्यापर्यंत सर्व मैदानांवर जाळी लावण्याचा हुकूम व्हावा, एवढीच त्यांची मागणी होती. २०१६ मध्ये न्यायालयाने तो दावा काढून टाकला. तथापि तो प्रलंबित असतानाच, २०१५ च्या डिसेंबरात, मेजर लीग या तेथील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या चालकांनी डगआउटच्या जवळच्या टोकापर्यंत, होम प्लेटपासून ७० फुटांच्या आतल्या सर्व जागांपुढे जाळी लावावी अशी शिफारस संघांना केली. शिफारसच ती, सक्ती नव्हे.

न्यूयॉर्कमध्ये २०११ साली यांकी स्टेडियमवर जखमी झालेल्या आणि न्यायालयात हार खाल्लेल्या एका प्रेक्षकाने हा विषय लावून धरला होता, आणि २०१७ च्या मे महिन्यात राफाएल एस्पिनाल या नगरसदस्याने शहरातील दोन्ही मोठ्या मैदानांवर खांबापासून खांबापर्यंत जाळी सक्तीची करणारा ठराव नगरमंडळापुढे आणला. त्यांपैकी मेट्स संघाने त्याच उन्हाळ्यात आपली जाळी वाढविली. यांकी संघ विचार चालू आहे असे सांगत राहिला. २० सप्टेंबर रोजी मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात टॉड फ्रेझरने मारलेला फटका ताशी १०५ मैलांच्या वेगाने तिसऱ्या बेसच्या बाजूच्या रांगांत शिरला आणि आजी-आजोबांबरोबर आलेल्या, पुरती दोन वर्षांचीही नसलेल्या मुलीच्या तोंडावर बसला. फ्रेझर गुडघ्यांवर बसला, दोन्ही संघांतील खेळाडूंचे डोळे भरून आले, आणि सामना काही काळ थांबला. मिनेसोटाचा ब्रायन डोझियर याने सामन्यानंतर सगळ्या मैदानांवर जाळी हवी असे निःसंदिग्धपणे सांगितले. मुलीच्या चेहऱ्याची हाडे मोडली होती, मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती सुदैवाने वाचली. दहा-बारा दिवसांत यांकी संघाने जाळी वाढविण्याचे जाहीर केले, आणि २०१८ च्या हंगामापूर्वी तिसांच्या तीस संघांनी डगआउटच्या दूरच्या टोकापर्यंत ती नेण्याचे मान्य केले. जे दाव्यांना, वाटाघाटींना आणि ठरावाच्या मसुद्याला इतकी वर्षे साधले नव्हते, ते एका बालकाच्या वेदनेने चार महिन्यांत साधले. त्याचा आनंद मानावा की खेद, हे मला अजून ठरविता आलेले नाही. पण ठराव आणि साक्षी आधीपासून तयार नसत्या, तर तो हळहळीचा क्षण नुसता हळहळण्यातच गेला असता, याविषयी मला शंका वाटत नाही.

डगआउटच्या टोकाशी जाळी संपली की पुढची रांग उघडी. २५ ऑगस्ट २०१८ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये आपला ७९ वा वाढदिवस साजरा करण्यासाठी आलेल्या एक बाई जाळीच्या पलीकडून आलेला चेंडू डोक्यात लागून काही दिवसांतच वारल्या. १९७० मध्ये याच स्टेडियममध्ये फाऊल चेंडू लागून १४ वर्षांचा एक मुलगा मरण पावला होता. बाईंच्या मृत्यूची बातमी कित्येक महिने बाहेर आली नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत एका क्रीडावाहिनीने ती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या मुलीने आपले दुःख बाजूला ठेवून जाळ्यांची मागणी उघडपणे मांडावयास सुरुवात केली. त्याच वर्षी २९ मे रोजी ह्यूस्टनमध्ये शिकागोच्या अल्बर्ट अल्मोराचा चेंडू दोन वर्षांच्या मुलीला लागला. तिची कवटी फुटली, आणि अल्मोरा मैदानावरच ओक्साबोक्शी रडला. इलिनॉयचे सिनेटर डिक डर्बिन आणि टॅमी डकवर्थ यांनी लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांना पत्र लिहून जखमींची आकडेवारी मागितली. जुलैमध्ये शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने खांबापासून खांबापर्यंत जाळी लावून पहिला मान मिळविला, आणि डिसेंबरात मॅनफ्रेड यांनी २०२० पासून सर्व तीस मैदानांवर डगआउटच्या बऱ्याच पलीकडे जाळी जाईल असे जाहीर केले.

जपानकडे पाहिले तर हा सारा वाद अनाठायी वाटतो. तेथील मैदानांवर लांबवर जाळ्या आहेत, फाऊल चेंडू गर्दीकडे निघाला की सेवक शिट्या फुंकतात, आणि जेथे मुद्दाम जाळीविना जागा ठेवल्या आहेत तेथे प्रेक्षकांना शिरस्त्राण व हातमोजा दिला जातो. तरीही २०१० मध्ये साप्पोरो येथे, संघानेच निमंत्रण दिलेल्या शाळकरी मुलांबरोबर आलेल्या एका आईचा डोळा गेला. २०१६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने, ज्यांना आपण बोलावले आणि ज्यांना खेळाची माहिती नाही, त्यांच्याविषयी संघावर अधिक खबरदारीचे कर्तव्य येते असे मानून, सुमारे ३ कोटी ३५ लाख येनांची भरपाई देवविली. पाहुण्याला घरी बोलावणाऱ्याची जबाबदारी मोठी असते, हे आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

अमेरिकेत मूळ नियम अजून उभा आहे. आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, बॉइझी येथे डोळा गमावलेल्या प्रेक्षकाच्या दाव्यात, तो नियम स्वीकारण्यास नकार दिला. पण असे निकाल थोडे. मेजर लीगशी संलग्न असलेल्या खालच्या श्रेणीच्या, म्हणजे मायनर लीगच्या, १२० संघांना २०२५ च्या हंगामापर्यंत खांबापासून खांबापर्यंत जाळी बसविण्याचे बंधन घालण्यात आले, आणि ते घडवून आणण्यात या चिकाटीच्या माणसांचा वाटा मोठा आहे. स्वतंत्र संघ, महाविद्यालये, शाळांची मैदाने यांना मात्र ते बंधन लागू नाही. तेथे पालक आणि भावंडे साध्या फळ्यांच्या बाकांवर रेषेला खेटून बसतात, आणि जाळी लावण्यासाठी वर्गणीच काढावी लागते. जखमींच्या संख्येचा प्रश्नही तसाच आहे. २०१४ मध्ये ब्लूमबर्गने केलेल्या पाहणीत मेजर लीगच्या मैदानांवर चेंडू लागून वर्षाला सुमारे १७५० प्रेक्षक जखमी होतात असा अंदाज निघाला. तो वृत्तसंस्थेला काढावा लागला, कारण लीग स्वतः अशी आकडेवारी प्रसिद्ध करीत नाही. प्रत्येक मैदानावरील प्रथमोपचार कक्षात कोणाला, कोणत्या रांगेत, केव्हा चेंडू लागला याची नोंद ठेवून ती हंगामाच्या शेवटी लोकांसमोर मांडावी, ही मागणी अगदी माफक आहे. ती मान्य झाली, तर जाळी कोठपर्यंत न्यावयाची याचा निर्णय पुढच्या अपघाताची वाट न पाहता घेता येईल.